रुद्रसेनाने दार उघडले

३१ ऑक्टोबर १९५७, गुरुवार

श्रावणात पोथी संपली तेव्हापासून आमची मारुतीच्या देवळातली गुरुवारची बैठक सुनी पडली होती. चार माणसे यायची, बिडीकाडी, बाजारभाव बोलून उठायची. मग यज्ञेश्वर मास्तरांनी शाळेतल्या पोरांकडून जप्त केलेले एक साप्ताहिक आणले. त्यात दर आठवड्याला दोन पाने चित्रांची गोष्ट येते. आकाशात उडणारी लढाऊ विमाने, थेट शनीपर्यंत. मास्तर हसत म्हणाले, "रशियानं गोळा वर सोडलाय, आपणही जरा वर जाऊन येऊ."

धोंडुबाई, देवळाबाहेर फुले विकते ती, म्हणाली, "वाचायचं तर पाटावर ठिवून वाचा. देवाम्होरं बसून हातात धरून कसलं वाचताय?" म्हणून तो कागद पोथीच्या पाटावर गेला आणि पोथीचे सगळे नियम त्याला लागले. मास्तरांनी वाचायचे, मी अर्थ सांगायचा, प्रसाद वाटेपर्यंत कुणी उठायचे नाही की अर्थावर बोलायचे नाही. प्रसाद वाटताना अंक हातोहात फिरवून चित्रे बघायची. अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आमच्या कोडोली गावापासून चालत आले आहे. सातवी झालो त्या साली चुलत्यांचा आवाज बसला आणि त्यांच्या जागी मी बसलो, तो अजून बसलेलाच आहे.

गोष्ट अशी. महासेनानी रुद्रसेन म्हणून एक मोठा अधिकारी. त्याची मोठी व्योमनौका, गावाएवढी. शनीच्या कड्यावर खाणीत राबणाऱ्या लोकांनी काम बंद केले म्हणून त्यांच्या वस्तीवर आग टाका, असा त्याने हुकूम सोडला. सात वैमानिकांनी नकार दिला आणि विमाने घेऊन पळाले. त्यांचा म्होरक्या अरिंदम. त्याला रुद्रसेनानेच लहानाचा मोठा केलेला.

मी अर्थ सांगितला की ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यावर उलटणे हे सर्वांत मोठे पाप, मग हुकूम कसाही असो. प्रसाद घेताना कुणी माझ्याकडे बघेना.

मला ठाऊक आहे लोकांच्या मनात काय येते ते. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचा पहिला सौदा निघतो. मी वीस-बावीस वर्षे ज्या आडत दुकानात तोलार आहे, त्याच दुकानात कृष्णातला, माझ्या मुलाला, मी कारकून म्हणून चिकटवले. यंदा शेटजींनी हमालीचा दर खाली आणायला सांगितला, तर याने वहीत तो दर लिहायला नकार दिला आणि मुहूर्ताच्या दिवशी हमालांबरोबर दारात आडवा उभा राहिला. काटा लागला नाही, सौदा राहिला. शेटजी मला एवढेच म्हणाले, "गणपतराव, मुहूर्त मोडला तुमच्या चिरंजीवांनी." मी घरी येऊन कृष्णातला सांगितले की या उंबऱ्याच्या आत पुन्हा यायचे नाही. तो आता कसबा बावड्यात एका खोलीत राहतो. पण याचा त्या गोष्टीशी संबंध नाही. पोथीचा अर्थ पोथीतून काढायचा असतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ग्रहण म्हणून वाचन आज ठेवले. गोष्टीआधी कुत्रीचीच चर्चा. रशियाने आकाशात कुत्री पाठवली आहे आणि ती परत यायची नाही, असे मास्तरांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवले.

"परत यायची न्हाई म्हंजे?" धोंडुबाई म्हणाली.

"उतरायची सोय केलेली नाही."

"आन तिला कुनी इचारलं?"

आकाराम पैलवान म्हणाला, "कुत्रीला काय इचारायचं, मावशे? तुला इचारून सोडायला पायजे हुतं." हा आता कुस्ती खेळत नाही, तालमीशेजारी चहाचे दुकान चालवतो, आणि गल्लीतली मोडलेली हाडे बसवतो. त्याला प्रत्येक चित्रात खोट दिसते. अरिंदमचे चित्र हातात आल्यावर म्हणाला, "ह्याच्या मांड्या बघा. ह्यानं जल्मात शंभर बैठका मारल्या न्हाईत, आन ह्यो बंड करनार!"

"तिथं वर खात्यात काय?" धोंडुबाईने विचारले.

"गोळ्या," मास्तर म्हणाले. "एक गोळी घेतली की दिवसाचं जेवण."

"म्हंजे आजारीच की समदी."

फार हसलो. आज अर्थ सांगताना मी म्हणालो की आज्ञा मोडून गेलेल्याला आकाशातही ठिकाणा नसतो, तो नुसता फिरत राहतो. आकारामने तोंड वाकडे केले, पण प्रसाद वाटेपर्यंत बोलायचे नाही म्हणून बोलला नाही. प्रसाद घेऊन तसाच उठून गेला.

घरी आलो तर चिमणाबाई, कृष्णातची आई, चुलीपाशी बसून होती. म्हणाली, "काय झालं आज त्या विमानातल्या पोराचं?" मी सांगितले. ती म्हणाली, "थंडी असंल न्हवं तिथं? अंगावर काय हाय का त्येच्या?" मी म्हणालो की चित्रात रबराचा पोशाख आहे. तिला या गोष्टीची इतकी गोडी लागेल असे वाटले नव्हते. शिकली नाही, पण ऐकायची आवड आहे. देवळात ये म्हणालो तर नको म्हणते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाजार बंदच. बाहेरून माणसे आणून शेटजींनी चार गाड्या उतरवून घेतल्या. तोलताना एकाने रवा, अख्खी ढेप, पाडला, फुटला. परकी माणसे, त्यांना गुळाचा रवा कसा धरावा ते माहीत नाही. फाटकाबाहेर आमचे हमाल उभे होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना मी नावाने ओळखतो. त्यांनी मला रामराम केला. मी काट्याकडे बघत राहिलो. कृष्णात त्यांच्यात होता. दाढी वाढली आहे.

संध्याकाळी देवळात पहिल्यांदा आवाज चढला. अंकात असे होते की बंडखोरांनी खाणकामगारांची मुले आपल्या विमानांत घालून सुरक्षित जागी नेली. मी अर्थ सांगितला की चांगल्या कामाने वाईट कामाचे पाप धुतले जात नाही.

प्रसादाचा फुटाणा तोंडात पडायच्या आत आकाराम म्हणाला, "का जात न्हाई? पोरं जाळा म्हनला की तुमचा सेनापती!"

"हुकूम देणारा वरती जाब देईल. पाळणाऱ्याचं काम पाळायचं."

"म्हंजे उद्या तुमचा शेट म्हनला आकारामाच्या दुकानाला काडी लावा, तर?"

"शेट असं म्हणणार न्हाई."

"म्हनला तर?"

"आकाराम, आपण गोष्टीवर बोलतोय."

"व्हय व्हय, गोष्टीवरच," तो म्हणाला आणि मास्तरांकडे बघून हसला. मास्तर जमिनीकडे बघत होते. मास्तर सज्जन माणूस. गांधींच्या खुनानंतर अठ्ठेचाळीसच्या जळितात त्यांचे घर गेले. तेव्हा आम्हीच त्यांना आमच्या माजघरात ठेवून घेतले होते. कृष्णात तेव्हा शाळेत होता, त्यांच्यासाठी दाराशी काठी घेऊन बसायचा. आमचा दोघांचा त्यानंतर कधी वाद झालेला नाही.

रविवारी जोतिबाला जाऊन आलो. डोंगर चढताना एकच मागणे मनात येत होते, ते मागितले नाही. देवाला आपण सांगावे असे काही नसते.

५ डिसेंबर, गुरुवार

संप मोडला. हमाल खालच्या दराने परत आले. कृष्णातला शेटजींनी घेतले नाही, घेणार नाहीत. मी रदबदली केली नाही. करायला हवी होती का, असे आज काटा लावताना दोनदा मनात आले आणि दोन्ही वेळा वजन चुकीचे वाचले. असे माझ्याकडून होत नाही.

ऐकतो की तो बावड्याला उसाच्या गाड्या भरायला जातो. मॅट्रिक झालेला मुलगा.

गोष्टही आज अडली आहे. सहा विमाने पडली. अरिंदमच्या विमानाचे इंधन संपत आले. तो रुद्रसेनाच्या नौकेजवळ येतो आणि यंत्रावरून म्हणतो, "दार उघडा. मी चुकलो असे म्हणणार नाही. पण मला दुसरे घर नाही." इथे पान संपते. पुढचे पुढच्या अंकी.

मास्तरांनी कागद खाली ठेवला आणि नेहमी म्हणत नाहीत ते म्हणाले, "गणपतराव, तुम्ही सांगा. रुद्रसेनानं काय करावं?"

मला जरा विचित्र वाटले. अर्थ झालेल्या वाचनाचा सांगायचा असतो, पुढे काय व्हावे याचा नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते. धोंडुबाईने फुलांची टोपली बाजूला सारली.

मी म्हणालो, "उघडू नये. तो चुकलो म्हणत न्हाई. चूक कबूल न करणाऱ्याला आत घेतलं तर बाकीच्या नौकेनं कुणाचं ऐकायचं?"

"मरंल की त्यो," धोंडुबाई म्हणाली.

"मरंल. आणि रुद्रसेनाला जन्मभर वाईट वाटंल. पण उघडू नये."

मास्तर म्हणाले, "बघू, पुढच्या गुरुवारी काय ते कळेल." त्यांचा आवाज खोल गेला होता. थंडीचे दिवस, घसा धरला असेल.

चिमणाबाईने विचारले, तसे सांगितले. ती ताटावरून उठली. पोट दुखते म्हणाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज जे झाले ते नीट लिहितो.

मास्तर उशिरा आले. अंक शाळेतल्या मुलाचा आहे, लगेच परत द्यायचा आहे म्हणाले, आणि उभ्याउभ्याच वाचले. रुद्रसेन यंत्रासमोर बसला आहे. त्याचा हात कळीवर आहे. सगळे अधिकारी त्याला सांगतात, उघडू नका. आणि मग तो म्हणतो, "हुकूम मी दिला होता. मुलगाही मीच वाढवला होता. दोन्हींचा जाब मलाच द्यायचा आहे. दार उघडा." आणि दार उघडते.

"बरं झालं बाई," असे धोंडुबाई मास्तरांचे वाक्य संपायच्या आतच म्हणाली.

मी अर्थ सांगायला तोंड उघडले आणि डोळ्यांत पाणी आले. पन्नाशीच्या माणसाने चारचौघांत असे करू नये. आकारामने तोंड दुसरीकडे केले. मी एवढेच म्हणू शकलो, "मी मागच्या गुरुवारी बोललो ते अपुरं होतं. दंड करणारा आणि वाढवणारा एकच असेल, तर त्यानं अगोदर वाढवणारा व्हावं." हे मी बोललो का माझ्या तोंडून कुणी बोलवले, मला माहीत नाही. वाटले, देव कुठल्या कागदातून बोलेल त्याचा नेम नाही. मी मागितले नव्हते तरी त्याने दिले.

मास्तरांनी अंक घडी करून खिशात घातला आणि माझा हात धरला.

घरी येऊन चिमणाबाईला सांगितले की रुद्रसेनाने दार उघडले. ती चुलीपासून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मग बोलवू?" मी म्हणालो, "ऐतवारी येऊ दे. जेवायलाच ये म्हणावं." तिने पदराने तोंड झाकून घेतले. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. कित्येक दिवसांनी बरे वाटते आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या मुलगा येणार म्हणून दाढी करायला न्हाव्याकडे गेलो. गर्दी होती. बाकावर तेच साप्ताहिक पडले होते, परवाचाच अंक. चित्रे बघायची राहिली होती म्हणून उचलले.

रुद्रसेन कळीवर हात ठेवून बसला आहे. अधिकारी सांगत आहेत, उघडू नका. आणि खाली लिहिले आहे: "दार उघडणार नाही." शेवटच्या चित्रात अरिंदमचे विमान, बोटाच्या पेराएवढे, काळ्या शाईत दूर जाते आहे.

दोनदा वाचले. तारीख बघितली. दाढी न करता उठलो.

मास्तर घरी होते. मी अंक पुढे ठेवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

"तुम्ही खोटं वाचलंत," मी म्हणालो.

"वाचलं."

"पाटावरचं."

"पाटावर नव्हतं, गणपतराव. मी उभ्यानं वाचलं. पाटावर ठेवून मला ते वाचता आलं नसतं." त्यांनी अंक बाजूला सारला. "आणि दोन आण्यांचं साप्ताहिक आहे ते. पोथी नव्हे. कुणीतरी मुंबईत बसून पोटासाठी लिहितो. त्याच्या लेखणीनं तुमच्या मुलाचं दार लागणार असेल, तर मी चार ओळी बदलीन. पुन्हा बदलीन."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

ते म्हणाले, "वहिनी आल्या होत्या. पण पाप माझं एकट्याचं धरा."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते. वाक्य संपायच्या आत बोललेल्या धोंडुबाईला, तोंड फिरवलेल्या आकारामला. मी रडलो तेव्हा ते बघत होते, आणि त्यांना ठाऊक होते.

मी म्हणालो, "मला देवाचा शब्द वाटला तो."

मास्तर म्हणाले, "मग तसाच राहू द्या की."

ज्या माणसाने आयुष्यभर एक अक्षर न बदलता वाचले, त्याला हेही कळू नये की खोट्यावर उभे राहिलेले काही टिकत नाही. मी त्यांच्या घरी पाणी न पिता उठलो.

१५ डिसेंबर, रविवार

चिमणाबाईने पहाटेपासून पोळ्या केल्या. मी तिला काल काही बोललो नाही. निरोप परत पाठवता आला असता, तोही पाठवला नाही. का ते मला सांगता येत नाही. त्याने यावे, असे वाटतच होते.

कृष्णात बाराच्या सुमाराला आला. दाढी केली होती. थंडीचे दिवस, तरी अंगावर नुसती घोंगडी, उजव्या खांद्यावरून खालपर्यंत ओढलेली. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी उठून पुढे झालो, तसा तो वाकला आणि डाव्या हाताने माझ्या पायाला हात लावला. डाव्या हाताने. उजवा घोंगडीतच. बापाच्या पाया पडायला उजवा हात बाहेर काढवत नाही, इतकी मग्रुरी अजून शिल्लक आहे.

मी विचारले, "मास्तरानं खोटं वाचलं, हे तुला माहीत होतं?"

तो आईकडे बघायला लागला.

"तिकडं बघू नको. माहीत होतं?"

"व्हय, आबा. आईनं सांगितलं. पर तुमी बोलिवलं, म्हनून मी आलो. तुमी रडला म्हनं."

तेच नको होते. तेच त्याने बोलायला नको होते.

"मी बोलावलं न्हाई," मी म्हणालो. "लबाडीनं बोलावून घेतलंय. खोट्या वाचनावर उघडलेलं दार मला नको. तुला चुकलो म्हणायचं असंल, तर आता म्हण आणि आत ये."

तो उभा राहिला. कपाळावर घाम आला होता त्याच्या, या थंडीत. म्हणाला, "हमालांचं खाल्लं न्हाई मी, येवढंच केलं, आबा. त्येला चुकलो कसं म्हनू?"

"मग जा."

चिमणाबाई मध्ये आली. "अवं, त्येचा हात..." असे काहीतरी म्हणाली. तो लगेच म्हणाला, "आई, गप. काय बी सांगू नगंस." आणि गेला. ती मागे धावली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. पोळ्या झाकून ठेवल्या. दोघेही जेवलो नाही.

माझे चुकले नाही. हे तीन ठिकाणी बसून विचार करून लिहितो आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

देवळात गेलो. कुणी आले नाही. धोंडुबाई फुले आवरून निघाली होती. मी म्हणालो, "वाचन न्हाई का आज?" ती म्हणाली, "वाचा की तुमी. तुमाला समदं खरं वाचाय येतंय." तिने मला हार दिला नाही. मीही मागितला नाही.

घरी आलो तर चिमणाबाई नव्हती. शेजारची म्हणाली, बावड्याला गेली, दोन लुगडी आणि तवा घेऊन. माझ्यासाठी भाकरी थापून झाकून ठेवल्या होत्या, परवापर्यंत पुरतील एवढ्या.

२ जानेवारी १९५८, गुरुवार

ती आली नाही. मी भात लावायला शिकलो, करपतो.

सकाळी काट्याची साखळी निसटली आणि माझ्या मनगटाला लागली. सूज आली म्हणून आकारामकडे गेलो. मास्तरांशी बोलणे नाही, याच्याशीही नव्हते, पण हाडाला दुसरा माणूस कुठला? त्याने हात धरला, दाबून बघितला, तेल लावले.

मग म्हणाला, "तुमचं कायसुदिक न्हाई. नुसतं मुरगाळलंय. पोराचा मातर खांद्यापासनं गेला हुता."

"कुणाचा?"

त्याने माझ्याकडे बघितले. "गणपतराव, खरंच ठावं न्हाई तुमाला?"

उसाच्या गाडीवरून मोळी सुटली आणि कृष्णात खाली आला. खांदा निखळला, दंड मोडला. मी देवळात रडलो त्याच्या आदल्या दिवशी. आकारामने फळ्या बांधल्या. "आबास्नी सांगायचं न्हाई म्हनला. म्हनला, आबांनी मला बोलिवलं तर मला बोलवावं, हाताला न्हाई. येवढाच हट्ट धरून बसला हुता. तुमचाच की त्यो." मग त्याने पट्टी ओढून गाठ मारली. "चार दिवस झालं नव्हतं आन चालत आला ऐतवारी, बावड्यापासनं. मी म्हनलं, गाडीनं जा, चालून हिसका बसंल. म्हनला, न्हाई, चालत जातो, पोळ्या केल्यात आईनं."

मी पैसे काढले. तो म्हणाला, "ठेवा तुमच्यापाशीच," आणि चहाच्या पातेल्याकडे वळला.

५ जानेवारी, रविवार

बावड्याला गेलो. चालतच गेलो. वाटेत बोलायचे म्हणून काय काय ठरवले. चूक माझी, असे म्हणणार होतो. मग वाटले, अगोदर हात कसा आहे ते विचारावे. मग वाटले, त्याला वाटेल, त्याच्या मोडलेल्या हातानेच आणले मला.

खोलीपुढे उसाचे पाचट पडले होते. दारातच कृष्णात बसला होता, उन्हाला. हात अजून गळ्यात. चिमणाबाई त्याला भरवत होती. भाकरी कुस्करून, दुधात, लहान घास करून. तो काहीतरी बोलला आणि ती हसली. पाडव्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते.

मी रस्त्याच्या पलीकडे, एका मोकळ्या गाडीमागे उभा राहिलो. देवळात इतके गुरुवार बसून मी लोकांना अर्थ सांगितले आणि पहिला शब्द कोणता बोलावा तेवढे ठरेना. जेवणाऱ्याला हाक मारू नये, म्हणून घास संपेपर्यंत थांबायचे ठरवले. घास संपले. तिने त्याचे तोंड पदराने पुसले, ताट उचलले, आत गेली. तो उठला, डाव्या हाताने चौकटीला धरून, आणि तिच्या मागे गेला.

त्यांनी मला बघितले नाही. मी चालत परत आलो.